फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर बसवले. मदत कुठे मागू?

वाचक भगिनीचे पत्र (थोडक्यात)

मी नाशिकला सिडको भागात भाड्याच्या घरात दोन मुलांसह राहते. दोन वर्षांपासून पतीपासून वेगळी आहे. घटस्फोट झालेला नाही आणि कोर्टात कोणीही गेलेले नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. हातात ३१,००० रुपये पगार येतो. मुलगा तिसरीत खासगी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत आहे. त्याची वर्षाची फी ६२,४०० रुपये आणि बसचे महिन्याला १,४०० रुपये. मुलगी अडीच वर्षांची असून तिच्या पाळणाघराला महिना ५,००० रुपये जातात. घरभाडे ८,०००. पती पुण्यात नोकरीला आहेत. मनात आले तर तीन हजार पाठवतात, नाहीतर चार-चार महिने काही नाही. दुसऱ्या सत्राची ३१,२०० रुपये फी थकली आहे. मागच्या आठवड्यात मुलाला आणि आणखी काही मुलांना फीसाठी वर्गाबाहेर बसवले. शाळेच्या कार्यालयाने एका अ‍ॅपवरून बिनव्याजी हप्त्यांचे कर्ज घ्यायला सुचवले आहे. भाऊ म्हणतो कर्ज घे, आई म्हणते मुलाला महापालिकेच्या शाळेत घाल. कोर्टात गेले तर पती मुलांचा ताबा मागतील अशी भीती वाटते. आम्ही इतर मागास प्रवर्गातील आहोत, पण जातीची सगळी कागदपत्रे सासरी आहेत. मला कोणती सरकारी मदत मिळू शकते आणि आधी काय करावे?

उत्तर

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रात हिशेब इतका स्वच्छ मांडला आहे की उत्तराची सुरुवातही त्याच हिशेबाने करणे योग्य होईल. फी महिन्यावर विभागली तर ५,२०० रुपये, बस १,४००, पाळणाघर ५,००० आणि भाडे ८,०००, असे १९,६०० रुपये ठरलेल्या खर्चातच जातात. उरलेल्या ११,४०० रुपयांत तीन माणसांचे जेवण, औषधपाणी, वीज, तुमचा कामावर जाण्यायेण्याचा खर्च आणि मुलांचे कपडेलत्ते भागवायचे असतात. तेव्हा फी थकली ती उधळपट्टीमुळे नव्हे. दोन पालकांचा खर्च एका पगारातून चालला आहे. पुढे मी जे सुचवणार आहे त्यातील बरेचसे या एका वाक्यातूनच निघते, म्हणून ते आधीच लिहून ठेवतो.

सर्वांत आधी वर्गाबाहेर बसवण्याविषयी, कारण ते थांबवण्यासाठी पैसे जमा होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास किंवा त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे, आणि कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. थकलेली फी हा शाळा आणि पालक यांच्यातील व्यवहार आहे. ती मागण्याचा शाळेला अधिकार आहे, परंतु त्यासाठी आठ वर्षांच्या मुलाला वर्गमित्रांसमोर उभे करण्याचा अधिकार तिला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. तुम्ही मुख्याध्यापकांना एक लेखी पत्र द्या. त्यात घडलेली घटना तारखेसह लिहा, थकबाकी मान्य करा, ती कोणत्या तारखांना किती हप्त्यांत भराल ते लिहा आणि यापुढे फीसंबंधीचे सर्व बोलणे फक्त पालकांशी व्हावे अशी मागणी करा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. बहुतेक ठिकाणी एवढ्याने प्रकार थांबतो, कारण लेखी नोंद झाली की शाळा सावध होते. नाही थांबला, तर हीच प्रत जोडून महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार करता येते, आणि त्यापुढे महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे. ज्या इतर मुलांना बाहेर बसवले त्यांच्या पालकांशी शक्य असेल तर आधी बोला; चार सह्यांच्या पत्राकडे दुर्लक्ष करणे शाळेला अवघड जाते.

याच पत्रात फीच्या तपशिलाचीही मागणी करावी. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ प्रमाणे खासगी शाळेची फी व्यवस्थापनाने एकट्याने ठरवायची नसते. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते आणि मान्य झालेली फी दोन शैक्षणिक वर्षे तशीच ठेवावी लागते. मान्य फीचा तपशील शाळेने सूचना फलकावर लावायचा असतो. तुमच्या ६२,४०० रुपयांत मान्य फी किती आणि ‘उपक्रम’, ‘डिजिटल’, ‘स्नेहसंमेलन’ अशा नावांनी जोडलेली रक्कम किती, हे एकदा पाहाच. ज्या सुविधा ऐच्छिक आहेत त्या पुढच्या सत्रापासून नको असे लेखी कळवता येते. वह्या, गणवेश ठरावीक दुकानातूनच घेण्याची सक्ती करायलाही शाळांना मनाई आहे. यातून फार मोठी रक्कम सुटेल असे मी म्हणत नाही, पण तुमच्या अंदाजपत्रकात महिन्याचे पाचशे रुपयेही मोठे आहेत.

शाळेकडे उघडपणे सवलतही मागा. आपल्याकडील बहुतेक खासगी शाळा सार्वजनिक न्यास किंवा नोंदणीकृत संस्था चालवतात आणि अडचणीतील पालकांना सवलत देण्याचा अधिकार विश्वस्तांना असतो. कारकून किंवा लेखापाल तो अधिकार वापरू शकत नाही, म्हणून खिडकीवर विचारून नकार मिळाला तर त्याला शाळेचा नकार समजू नका. अर्ज अध्यक्ष किंवा सचिवांच्या नावे करा, पगाराची पावती आणि वेगळे राहत असल्याचे शपथपत्र जोडा, आणि ‘काही मदत करावी’ असे मोघम न लिहिता ‘दुसऱ्या सत्राच्या फीमध्ये निम्मी सवलत आणि उर्वरित रक्कम सहा हप्त्यांत’ असे नेमके लिहा. ज्ञातिसंस्था, शहरातील सेवाभावी मंडळे आणि काही कंपन्यांचे सामाजिक निधी यांच्याकडेही असाच अर्ज करता येतो. ते धनादेश शाळेच्या नावे काढणे पसंत करतात, म्हणून शाळेचे थकबाकीचे पत्र हाताशी असावे.

आता अ‍ॅपवरच्या कर्जाकडे वळतो. भावाची तळमळ खरी आहे, तरी या बाबतीत माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. या व्यवस्थेत कर्ज देणारी संस्था वर्षाची किंवा सत्राची पूर्ण फी शाळेला एकदम देते आणि तुम्ही शाळेऐवजी त्या संस्थेच्या ऋणको होता. शाळेशी बोलून एखादा हप्ता पुढे ढकलता येतो. कर्जाचा हप्ता चुकला की दंड लागतो आणि त्याची नोंद तुमच्या पतइतिहासात होते. मूल वर्षाच्या मध्येच शाळेतून काढले तरी कर्ज तसेच राहते, आणि तुम्ही तर शाळा बदलण्याचा विचार करत आहात. ‘बिनव्याजी’ म्हटले तरी प्रक्रिया शुल्क किंवा विम्याच्या नावाने रक्कम आकारलेली असू शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्याने मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावेच लागते आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असतो. ते पाहिल्याशिवाय मोबाईलवर कुठेही संमती देऊ नका. त्याहून मूलभूत अडचण अशी की, फी हा दरवर्षी येणारा खर्च आहे. यंदाची फी कर्जातून भरली तर पुढच्या जूनमध्ये नवी फी आणि जुने हप्ते एकाच वेळी समोर उभे राहतील. सवलत नाकारली गेली आणि तातडीने रक्कम भरणे भागच पडले, तर कंपनीकडे पगाराची आगाऊ उचल मागा आणि तीही मिळाली नाही तर राष्ट्रीयीकृत बँकेकडून मर्यादित रकमेचे सोनेतारण कर्ज घ्या, पण फक्त या ३१,२०० रुपयांपुरते आणि फेडीची तारीख ठरवून.

यानंतरचा भाग तुम्हाला अप्रिय वाटेल, तरी तो टाळून दिलेला सल्ला अपुरा ठरेल. मुलांच्या खर्चाची जबाबदारी असलेला दुसरा माणूस पुण्यात नोकरी करतो. सरकारी योजना, शाळेची सवलत, नातेवाइकांची मदत हे सर्व त्यानंतर येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १२५ होते) पत्नीला आणि अल्पवयीन मुलांना निर्वाह खर्च मागता येतो. त्यासाठी घटस्फोट झालेला असण्याची किंवा घटस्फोट मागण्याची आवश्यकता नाही. तुम्ही नोकरी करता म्हणून तुमच्या स्वतःच्या पोटगीवर वाद होऊ शकेल, परंतु मुलांच्या हक्काला त्याने बाध येत नाही. अर्ज तुम्ही राहता तेथील न्यायालयात, म्हणजे नाशिकमध्येच, करता येतो. पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. अंतरिम खर्चाच्या अर्जावर, शक्यतो, नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निर्णय व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो हे खरे आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात घालून दिलेली तत्त्वे तुमच्यासाठी महत्त्वाची आहेत. दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, निर्वाह खर्च अर्जाच्या तारखेपासून मंजूर करायचा, आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी उचलायचा. आई पुरेसे कमावत असेल तर तो प्रमाणात वाटून घेता येतो. ‘अर्जाच्या तारखेपासून’ या शब्दांकडे नीट लक्ष द्या. निकाल दीड वर्षाने लागला तरी मधल्या महिन्यांची रक्कम मिळू शकते, पण अर्ज करण्यापूर्वी गेलेल्या महिन्यांची साधारणपणे मिळत नाही. तुम्ही दोन वर्षे थांबलात. आता आणखी थांबण्याची किंमत दर महिन्याला मुले मोजत आहेत.

वकिलाच्या खर्चाची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे साध्या अर्जावर वकील नेमून मिळतो. जाताना लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, फीच्या पावत्या, पाळणाघराच्या पावत्या, तुमचे बँकेचे विवरण आणि पतीने पाठवलेल्या रकमांच्या नोंदी सोबत न्या. पाळणाघर रोखीने पैसे घेत असेल तर या महिन्यापासून त्यांच्या खात्यावर पाठवायला सुरुवात करा आणि मागील महिन्यांचे एक सहीचे पत्र मागून घ्या. पाळणाघराचा खर्च हा मुलीच्या संगोपनाचाच खर्च आहे, कारण त्याशिवाय तुम्ही कामावरच जाऊ शकत नाही. अर्जात तो स्वतंत्रपणे मांडायला वकिलांना आवर्जून सांगा. अनेक अर्जांत शाळेची फी असते आणि पाळणाघर राहून जाते.

ताब्याच्या भीतीविषयी. निर्वाह खर्चाचा अर्ज आणि मुलांचा ताबा हे दोन वेगळे विषय आहेत. पती ताब्यासाठी अर्ज करूच शकणार नाहीत असे नाही. मात्र हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो, आणि त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीतही न्यायालय मुलाचे हित सर्वोच्च मानते. दोन वर्षे मुले तुमच्याजवळ आहेत, मुलगा नियमित शाळेत जातो, मुलीची व्यवस्था लागलेली आहे, या गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. तुमच्याकडून एक पथ्य मात्र पाळले जावे: पैसे येत नाहीत म्हणून वडिलांची आणि मुलांची भेट रोखू नका. ते मुलांच्या दृष्टीनेही बरे नाही आणि न्यायालयालाही आवडत नाही. कोर्टाची पायरी चढण्याआधी एक शेवटचा प्रयत्न करायचा असेल, तर खर्चाचा तक्ता करून पतीला लेखी पाठवा आणि फीचा अर्धा भाग थेट शाळेच्या खात्यात व पाळणाघराचा अर्धा भाग दरमहा तुमच्या खात्यात भरण्याचा प्रस्ताव ठेवा. उत्तरासाठी पंधरा दिवस पुरेसे आहेत. होकार आला तर तो लिहून घ्या. विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व समुपदेशनातून समझोता नोंदवण्याचीही सोय आहे.

आता सरकारी योजना. तुमच्या परिस्थितीला सर्वांत जवळची योजना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना ही आहे. राज्याच्या महिला व बालविकास विभागाच्या या योजनेत पालकांचा मृत्यू, घटस्फोट, विभक्त राहणे, परित्याग, गंभीर आजार अशा कारणांनी एका पालकावर आलेल्या अठरा वर्षांखालील मुलांसाठी मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. अनेकांचा समज असा आहे की ही योजना फक्त अनाथ मुलांसाठी किंवा फक्त विधवांच्या मुलांसाठी आहे. तो बरोबर नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा, त्यानंतर गृहभेट होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते. आधार कार्ड, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलाचा बोनाफाईड दाखला, जन्मदाखले आणि बँक खाते ही मुख्य कागदपत्रे आहेत. विभक्त असल्याचा न्यायालयीन कागद तुमच्याकडे नसल्यामुळे समिती प्रश्न विचारू शकते. निर्वाह खर्चाचा अर्ज दाखल झालेला असेल तर त्याची प्रत येथेही उपयोगी पडते. अर्ज विनाशुल्क आहे, म्हणून फॉर्म भरून देण्याचे हजार-दोन हजार मागणाऱ्या मध्यस्थांना दूर ठेवा. मंजुरी मिळाली तरी ही रक्कम नेहमी ठरल्या तारखेला जमा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. फीच्या हप्त्याचा आधार तिच्यावर न ठेवता ती मुलांच्या नावाने बाजूला पडू द्यावी, म्हणजे पुढच्या जूनची तजवीज होत राहील.

उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी एक अडचण हमखास येते. शिधापत्रिकेवर तुमचे नाव अजून सासरी असेल तर तलाठी संपूर्ण कुटुंबाचे उत्पन्न विचारतात. तेथील नाव कमी करून स्वतंत्र शिधापत्रिकेचा अर्ज लगेच द्या आणि वेगळे राहत असल्याचे शपथपत्र करून ठेवा. पुढच्या जवळजवळ प्रत्येक अर्जाला ते लागेल.

केंद्राच्या मिशन वात्सल्य या योजनेतही प्रायोजकत्वाखाली मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात, परंतु शहरी कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ९६,००० रुपये आहे. तुमचे उत्पन्न वर्षाला ३,७२,००० आहे, त्यामुळे ती तुम्हाला लागू नाही. घरकाम करणाऱ्या किंवा रोजंदारीवर असलेल्या एकल मातांनी मात्र तिची चौकशी करावी. लाडकी बहीण योजनेची अडीच लाखांची मर्यादाही तुम्ही ओलांडता. कोणी ‘उत्पन्न कमी दाखवून दाखला काढून देतो’ म्हणाले तर ऐकू नका, कारण तुमच्या पगाराची नोंद बँकेत आणि भविष्यनिर्वाह निधीत आहे आणि खोटा दाखला पुढे न्यायालयातील अर्जातही तुमच्या विरुद्ध वापरला जाईल. आयकरातील सवलतीचेही तसेच. जुन्या करप्रणालीत दोन मुलांच्या शैक्षणिक शुल्काची वजावट दीड लाखाच्या एकूण मर्यादेत मिळते, पण तुमच्या पगारावर मुळात कर बसत नाही, तेव्हा तिच्या आशेने कोणतीही गुंतवणूक किंवा विमा घेऊ नका.

पाळणाघराच्या बाबतीत तुमच्या पत्रात तुमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट आहे. तुम्ही कंपनीचा उल्लेख केला, पण तेथे किती लोक काम करतात ते लिहिले नाही. मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा दिली. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. पन्नासची ही संख्या एकूण कर्मचाऱ्यांची आहे, स्त्रियांची नव्हे. ‘आमच्याकडे बायका दहाच आहेत’ हे उत्तर म्हणूनच कायद्यात बसत नाही. सोय स्वतंत्र असावी असेही नाही. दोन-चार कंपन्या मिळून सामायिक पाळणाघर चालवू शकतात, आणि अंबड-सातपूरसारख्या वसाहतीत, जिथे कारखाने एकमेकांना लागून आहेत, ते अगदी व्यवहार्य आहे. हा विषय एकटीने आणि तक्रारीच्या सुरात न मांडता लहान मुले असलेल्या सहकाऱ्यांच्या, वडिलांच्यासुद्धा, सह्या घेऊन मनुष्यबळ विभागाकडे मांडा, आणि सोय उभी राहीपर्यंत पाळणाघराच्या खर्चात कंपनीने वाटा उचलावा अशी पर्यायी मागणी ठेवा. सरकारी कामगार अधिकाऱ्यांचे दार शेवटी आहेच, परंतु नोकरी हा तुमचा एकमेव आधार असताना ते पहिले पाऊल नसावे.

शासनाची पाळणाघरेही आहेत. मिशन शक्तीखालील पालना योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी पाळणाघरे आणि अंगणवाडीला जोडलेली दिवसभराची पाळणाघरे चालवायची आहेत. तुमच्या वस्तीच्या जवळ असे केंद्र आहे का, हे बालविकास प्रकल्प अधिकारी कार्यालयात किंवा अंगणवाडी सेविकेकडे विचारा. साधी अंगणवाडी तीन वर्षांनंतर मोफत असली तरी तिची वेळ काही तासांचीच असते आणि तुमच्या कामाचे तास त्यात बसणार नाहीत. अर्धा दिवस अंगणवाडी व अर्धा दिवस पाळणाघर अशी सांगड घालणारी पाळणाघरे मात्र असतात, आणि मग त्यांची फीही कमी होते.

मुलीसाठी आणखी एक वाट आहे आणि तिच्यासाठी तयारी आजपासून करायला हवी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या असतात आणि आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत असते. अल्पसंख्याक शाळा यातून वगळल्या आहेत. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना सूट देणारी दुरुस्ती राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली, म्हणून हा मार्ग खुला आहे. मुलगा तिसरीत असल्यामुळे त्याला याचा लाभ नाही. मुलीला आहे. दुर्बल घटकाची एक लाखाची उत्पन्न मर्यादा तुम्ही ओलांडत असलात, तरी इतर मागास प्रवर्ग वंचित घटकात येतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे जातीचा दाखला ही तुमच्या हातातील सर्वांत मौल्यवान वस्तू आहे, आणि तो वडिलांच्या बाजूने काढावा लागतो. इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी लागतील. पतीचा जातीचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती सासरच्या एखाद्या समंजस नातेवाइकामार्फत मिळतात का, हे पाहा. खर्चाच्या प्रस्तावाच्या पत्रातही ही मागणी घाला, कारण यात पतीचा एक रुपयाही जात नाही. कागद हाती आले की सेतू केंद्रातून मुलीच्या आणि मुलाच्या दोघांच्याही नावे दाखले काढा. सोबत भाडेकरार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला आहे ना, तेही पाहा. नुसता नोटरी केलेला करार पडताळणीत नाकारला जातो. निवड सोडतीने होते, त्यामुळे प्रवेशाची खात्री देता येत नाही, पण अर्ज करायला पैसे लागत नाहीत. वेळापत्रक दरवर्षी बदलते, तेव्हा दिवाळीनंतर शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर अधूनमधून नजर ठेवा.

राहिला आईंचा सल्ला. मी तो झिडकारणार नाही आणि तुम्हीही झिडकारू नये, फक्त आत्ता, वर्षाच्या मध्ये, अमलात आणू नये. मुलाला नुकताच अपमान सहन करावा लागला आहे. त्यापाठोपाठ शाळा बदलली तर दोन्हींचा संबंध तो स्वतःशीच लावील. हे वर्ष त्याला त्याच्या मित्रांसोबत पूर्ण करू द्या. दरम्यान महापालिकेची शाळा आणि सध्याची शाळा या दोनच पर्यायांत अडकू नका. नाशिकमध्ये जुन्या संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, मध्यान्ह भोजन असते आणि फी नाममात्र असते. अनेक ठिकाणी सेमी-इंग्रजी तुकड्याही आहेत, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकता येते. घरी मराठी बोलणाऱ्या आणि तिसरीपर्यंत इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलाला हा बदल सहसा जड जात नाही; मराठी लेखनाचा सराव तेवढा उन्हाळ्याच्या सुटीत करून घ्यावा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-तीन शाळा स्वतः जाऊन पाहा, शक्य असल्यास एकदा मुलालाही न्या. वर्गात किती मुले आहेत, शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत का, शाळा दुपारी किती वाजता सुटते आणि त्यानंतर मुलगा कुठे थांबेल, हे विचारा. तुमच्या बाबतीत शेवटचा प्रश्न फीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण बारा वाजता सुटणारी मोफत शाळा निवडली आणि संध्याकाळपर्यंतच्या पाळणाघराचे चार हजार वाढले तर बचतीचा मोठा भाग तिथेच जाईल.

मार्चअखेर तुमच्यापुढे ठोस आकडे असतील: शाळेने किती सवलत दिली, पतीने काय उत्तर दिले किंवा अंतरिम आदेश झाला का, बालसंगोपनाचा अर्ज कुठवर आला. पतीचा वाटा नियमित येऊ लागला तर सध्याची शाळा परवडू शकते. तो आला नाही, तर ६२,४०० रुपयांची शाळा एका पगारावर चालवण्याचा हट्ट धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तसा निर्णय घ्यावा लागला तर थकबाकी फेडल्याच्या पावत्या घेऊन वार्षिक परीक्षेनंतर लगेच शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी लेखी अर्ज द्यावा. दाखला तत्काळ देणे ही मुख्याध्यापकांची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि दाखल्याला उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.